बनियनच्या आतली पिन

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. पृथ्वीच्या चुंबकाहून हजारो पटींनी बलवान! माझ्यापुढे आजवर कुणी कमरेचा पट्टा बांधून उभा राहिलेला नाही. उद्घाटनाला आलेल्या नगराध्यक्षांनीही पट्टा बाहेर ठेवला, एका हाताने विजार सावरली आणि आत कात्रीला मज्जाव असल्यामुळे फीत दातांनी तोडली.

हल्ली व्होलोस नावाच्या बंदरगावातल्या इस्पितळाच्या तळघरात, धुणीघराशेजारी, मला एमआरआय न म्हणता नुसतं ‘नळकांडं’ म्हणतात. दिवे मालवले की मी झोपतो, असं लोकांना वाटतं. मी झोपत नाही. माझी ओढ कधीच बंद होत नाही.

परवा अर्गिरिस आला. कोळी माणूस, पन्नाशीचा. त्याला सगळं दोन-दोन दिसू लागलं होतं आणि डोक्यात काय आहे ते मलाच पाहायचं होतं. याआधी दोनदा तो भिऊन दारातूनच परतला होता. मला चालवणारी मरियांथी त्याला समजावत होती, की आवाज मोठा होईल, कानात बोळे घालू. हातात रबरी फुगा देते, तो दाबला की लगेच बाहेर. घड्याळ, अंगठी, किल्ल्या सगळं निघालं. बनियन मात्र गारठ्याच्या नावाखाली आईने काढू दिलं नव्हतं.

तो जवळ आला आणि मला लोखंड जाणवलं. त्याच्या छातीवरचं कापड टोकदार होऊन माझ्याकडे उचललं गेलं. मी ओढत होतो. मला थांबता येत नाही.

मरियांथीने त्याला दंडाला धरून मागे खेचलं. बनियनच्या आत पिन होती आणि पिनेला नजर लागू नये म्हणून अडकवलेली कापडी पुडी.

“आजी, ही पिन त्याच्या डोळ्यात गेली असती,” ती बाहेर बसलेल्या त्याच्या आईला, गारुफालियाला म्हणाली.

“बारशापासून आहे ती. त्या नळकांड्यात लेकाला एकटा कसा पाठवू?”

मरियांथीने पिन काढून घेतली आणि पुडी पलीकडच्या खोलीत, काचेला चिकटपट्टीने लावली आणि आईला तिथेच काचेमागे बसवलं. माझ्या आतल्या छोट्या आरशातून ती काच दिसते.

“आई, तिथून हलू नकोस,” अर्गिरिस म्हणाला.

“हलते कुठे? गुडघे तुझ्या बापाबरोबरच गेले.”

मी ठोके द्यायला लागलो. अर्गिरिस आरशात पुडी आणि आई बघत राहिला. फुगा त्याने दाबला नाही. मला जे दिसायचं ते दिसलं. ते सांगायचं काम माझं नाही. डॉक्टर बुधवारी सांगतील.

तो बाहेर आला तेव्हा म्हातारी दारात उभी होती. दृष्ट लागू नये म्हणून ती लेकावर तीनदा थुंकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “याचीही नजर शाबूत राहो,” आणि माझ्यावरही तीनदा.

मित्रांनो, तुम्हालाही कधीतरी माझ्याकडे यावं लागेल. पिना बाहेर ठेवा. भीती आत आणलीत तरी चालेल, ती लोखंडाची नसते. आणि माझी दृष्ट काढायचीच असेल, तर जरा कोरडं थुंका.