कमरेला पाऊण किलो

ह्यूस्टनला जायचं का, असं श्रेयसला कंपनीने विचारून बारा दिवस झाले होते आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. त्याचं उत्तर पहिल्याच दिवशी तयार होतं. संहिताचं नव्हतं. तिच्याकडे उत्तराऐवजी एक एक्सेल शीट होती. चक्रीवादळ, साप, विमा, उष्माघात अशा टॅबांवरून ती रोज फिरून यायची आणि शेवटी ‘बंदुका’ नावाच्या लाल टॅबवर येऊन बसायची.

“इथे नेदरलँड्समध्ये, ब्रेडाला आलो तेव्हाही तू शीट केली होतीस,” श्रेयस म्हणाला. “त्यात कालवे होते. आपली इरा अजून एकाही कालव्यात पडलेली नाही.”

“कारण मी शीट केली होती.”

अशा या घरात आशुतोषदादा येऊन थडकला. संहिताचा मावसभाऊ, चौदा वर्षं ह्यूस्टनचा रहिवासी, रॉटरडॅमला कसल्याशा कामासाठी आलेला आणि तीन दिवस बहिणीकडे मुक्कामाला. माणूस सहा फुटी, आवाज साडेसहा फुटी. तिकडे तो रोज शर्टाखाली पिस्तूल लावून फिरतो हे मावशी सोडून सगळ्या खानदानाला माहीत होतं. पहिल्याच संध्याकाळी पोहे खाता खाता त्याने उजवी कंबर चार वेळा चाचपली.

“काही हरवलं का रे?” संहिताने विचारलं.

“नाही गं. ते घरी ठेवून आलोय ना. लग्नाला आलोय आणि पँट विसरलोय असं वाटतंय. इथे बायका काय ठेवतात जवळ? पेपर स्प्रे?”

“बंदी आहे.”

“स्प्रेला?”

“स्प्रेला.”

“मग तुम्ही लोक करता काय?”

“सायकलला दोन कुलुपं लावतो,” श्रेयस म्हणाला.

दादा हसला, पण संहिता हसली नाही. तिने बशी बाजूला सरकवली. “दादा, समजा तिकडे आलोच आम्ही. आणि समजा घ्यायचंच झालं. तर कुठलं घ्यायचं?”

श्रेयसच्या घशात पोहा अडकला. दादा मात्र खुर्चीत असा सरसावून बसला की जणू त्याला मुलीसाठी स्थळ सुचवायला सांगितलंय.

“पहिली गोष्ट, गोड दिसतं म्हणून घ्यायचं नाही. तुझ्या वहिनीने, जयंतीने, आधी तसलंच घेतलं होतं, तळहाताएवढं. बारकं पिस्तूल लाथ जास्त मारतं. दोन गोळ्यांत मनगट धरून बसली. आपल्या हातात नीट बसेल, दर वेळी न अडकता चालेल, तेच चांगलं. नेमबाजीच्या रेंजवर जायचं, भाड्याने चार-पाच चालवून बघायची, शिकवणारा गाठायचा. आणि दुकानदाराचं ऐकायचं नाही.”

“म्हणजे साडीच्या दुकानासारखंच.”

“साडीत चूक झाली तर नुसती वाईट दिसते बाई.” दादाने बोट वर केलं. “दुसरी गोष्ट, पिस्तुलापेक्षा होल्स्टरवर, म्हणजे त्याच्या म्यानावर, जास्त डोकं खर्च करायचं. ट्रिगर पूर्ण झाकला गेला पाहिजे. पट्टा कडक पाहिजे. पर्समध्ये सुटं टाकायचं नाही, कधीच नाही. पर्स आपण खुर्चीला अडकवतो आणि पोरगं त्यात बिस्किट शोधतं. आणि चारचौघांत सारखा हात लावायचा नाही. चाचपणारा माणूस लांबूनच कळतो.”

“तू मघापासून चाचपतोयस.”

“ते नाहीये म्हणून चाचपतोय!” दादा वैतागला. “आणि ऐक. घ्यायच्या आधी आठवडाभर तेवढंच, पाऊण किलोभर, वजन कमरेला बांधून रोजची कामं करून बघ. निम्मे लोक तिथेच गळतात.”

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. संहिताला काहीतरी ‘करून बघ’ म्हणणं म्हणजे काय असतं, हे श्रेयसला माहीत होतं, दादाला नव्हतं.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनं सुरू झाली. लाटणं फारच हलकं निघालं. शेवटी लग्नात आलेल्या पितळी खलबत्त्यातला बत्ता पाऊण किलोला टेकला. दादाला इतका अभिमान वाटला की त्याने श्रेयसच्या जुन्या लॅपटॉप बॅगेचं कातडं कापून स्वतःच्या हाताने म्यान शिवून दिलं.

“ही बाजू झाकलेली पाहिजे. इथे ट्रिगर येतो.”

“बत्त्याला ट्रिगर नसतो, दादा.”

“सवय गं, सवय.”

लांब रेनकोट वर चढवून संहिता सायकलवर बसली, आणि बसताक्षणी बत्त्याने तिच्या पोटाची ओळख करून घेतली. ऑफिसात खुर्चीत बसताना तो बरगडीला लागला, खाली पडलेलं पेन उचलताना मांडीला. प्रत्येक वेळी तिचं कोपर आपोआप तिथे जायचं. आहे ना? दिसत नाही ना? अकरा वाजेपर्यंत तिने सव्वीस वेळा चाचपलं होतं. तिने मोजलं होतं, कारण ती संहिता होती. साडेअकराला ऑफिसच्या बाथरूममधून तिने दादाला फोन लावला.

“बाथरूममध्ये ते कुठे ठेवायचं रे?”

“कुठेही ठेवायचं नाही. होल्स्टरमधून काढायचंच नाही. बाजूला ठेवलंस की तिथेच विसरलीस. विसरतात लोक.”

“बाथरूममध्ये? भरलेलं?”

“अगं, असतात काही गाढव,” दादा म्हणाला आणि घाईघाईने फोन ठेवला.

साडेपाचला ती पाळणाघरात पोचली तेव्हा तिथल्या आनुकताईने तिच्याकडे निरखून पाहिलं. “कंबर दुखतेय का? वाकडी चालतेस. हाउसआर्त्सला दाखवलंस?”

“पॅरासिटामॉल देईल तो डॉक्टर,” संहिता म्हणाली, आणि या देशात यावर कुणी वाद घालत नाही, त्यामुळे विषय संपला.

तेवढ्यात इरा धावत आली. तीन वर्षांची पोर आईला बिलगते तेव्हा तिचं डोकं बरोबर आईच्या कमरेशी येतं. संहिताला हे रोज दिसत होतं, पण आजवर कधी दिसलं नव्हतं. इराने रेनकोटात तोंड खुपसलं, हात घातला, आणि दुसऱ्या क्षणी पितळी बत्ता तिच्या मुठीत होता.

“फान मै!” ती ओरडली. माझं!

एक क्षणसुद्धा लागला नव्हता. दिवसभर सव्वीसवर आणखी चाळीस वेळा चाचपणाऱ्या आईचा हात पोचायच्या आत काम झालं होतं. आनुकताई हसत होती. संहिता मात्र तिथेच, छोट्या छोट्या बुटांच्या रांगेत, फरशीवर बसली.

घरी आली तेव्हा दादा सोफ्यावर पाय पसरून चिवडा खात होता. श्रेयस कणीक मळत होता. संहिताने कोटही काढला नाही.

“दादा, तुझं आत्ता कुठे आहे?”

“तिजोरीत. छोटी आहे, भिंतीला बोल्ट केलेली, नंबरची. एकदम पक्की.”

“त्यात फक्त तेच असतं?”

“तेच, पासपोर्ट आणि जयंतीच्या बांगड्या. सोनं दुसरीकडे कुठे ठेवणार?”

“म्हणजे सणावाराला उघडते.”

“उघडते की.”

“नंबर काय आहे?”

“ते सांगायचं नसतं, संहिते. पहिला नियम.”

“मल्हारची जन्मतारीख आहे ना?”

दादाचा चिवड्याचा हात हवेत थांबला. आपल्या घरांत फोन, वायफाय, बँक, सूटकेस, सगळ्यांना पोराचीच जन्मतारीख असते. तिच्याही घरात होती. दादाचा मल्हार नऊ वर्षांचा होता. दादाने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडे सकाळचे अकरा वाजत होते. मल्हार शाळेत होता.

“जयू, तिजोरीचा नंबर मल्हारला माहीत नाहीये ना?”

“आहे की,” जयंतीवहिनी म्हणाल्या. “संक्रांतीला माझे हात तिळाच्या पाकात होते, तर पाटल्या त्यानेच काढून दिल्या. का रे?”

श्रेयसने कणकेतून हात काढला. इरा कोपऱ्यात बत्त्याला झोपवत होती.

“जयू,” दादा म्हणाला. आवाज आता नेहमीच्या माणसाएवढाच होता. “आत्ताच्या आत्ता नंबर बदल. आधी बघ, ते आहे का आत.”

पावलं ऐकू आली. चार वेळा बीप. मग बराच वेळ काही नाही.

“आहे,” वहिनी म्हणाल्या. “तू ठेवलंस तसंच आहे.” त्यांचा श्वास ऐकू येत होता. “बदलते. बदलला. लिहून घे आशु, सात, एक...”

“वहिनी!” संहिता किंचाळली. “स्पीकरवर आहात!”

फोन बंद झाल्यावर दादाने चिवडा बाजूला सरकवला. मग म्हणाला, “चौदा वर्षं मी लोकांना शिकवतोय.”

“चांगलंच शिकवतोस,” संहिता म्हणाली. तिला त्याची दया आली होती, पण दयेसाठी ती थांबणार नव्हती.

श्रेयसने पडलेल्या चेहऱ्याने हात धुतले. “समजलं. सोमवारी ‘नाही’ म्हणून कळवतो.”

“‘हो’ म्हणून कळव.”

“काय?”

“‘हो’ कळव म्हणतेय. पण आपल्या घरात ते येणार नाही. मी दिवसभर चाचपत बसेन, आणि तरी ही पोरगी माझ्याआधी पोचेल. आज पोचली.” तिने अखेर कोट काढला. “इथे बसून मी पाच मिनिटांत शोधलं, श्रेयस. तिथे जाऊन मी प्रत्येक घर शोधीन. इरा कुणाकडेही खेळायला जायच्या आधी मी विचारणार, आहे का, कुठे आहे, किल्ली कुणाकडे.”

“लोकांना असं विचारायचं? काय म्हणतील?”

“विचारतात तिथे,” दादा हळूच म्हणाला. “कुत्रा आहे का, शेंगदाणे चालतात का, तसंच.”

“मग मी कुत्र्याच्या आधी विचारीन. आणि पहिलं घर तुझं. बांगड्या आणि ते एका तिजोरीत असेपर्यंत इरा तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.”

“माझ्या घरी? मामाच्या घरी?”

“मामाच्या.”

“जयंती ऐकायची नाही. सोनं बँकेत ठेवायचं म्हटलं की तिला झोप लागत नाही.”

“मग तुझं ते दुसरीकडे हलव. नाहीतर इरा यायची नाही.”

इराने मान वर करून मामाकडे पाहिलं. दादाने एकदा तिच्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि पुन्हा जयंतीला फोन लावला. या वेळी स्पीकर बंद करून.