खालची बहीण

तिसऱ्या रांगेतल्या फरशीचा तडा आजही तीन दशांश मिलिमीटरच भरला. रबाबने प्रयोगशाळेतून आणलेली पारदर्शक पट्टी तड्यावरून उचलली, वहीत तारखेपुढे आकडा लिहिला आणि तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. सलग आठव्या गुरुवारी तोच आकडा. तडा वाढत नव्हता, म्हणजे स्लॅब खचत नव्हता. म्हणजे खालून येणाऱ्या आवाजाचं कारण हे नव्हतं.

शेजारी जमिनीवर ठेवलेल्या फोनमधून सुबहीमामा बोलत होता.

"ऐकतेयस ना? का काहीतरी मोजत बसलीयस?"

"ऐकतेय."

"मग सांग. खोली झाली का तयार?"

"न्हाणीघरातला धरायचा दांडा पंचाऐंशी सेंटिमीटरवर बसवलाय. आजीची उंची एकशे सत्तेचाळीस. तो खाली घ्यावा लागेल."

"मागच्या आठवड्यात उंबरा होता."

"उंबरा काढून टाकला."

"त्याच्या आधी दिव्याचं बटण. अगं, आई राहायला येतेय. तिला अंतराळात नाही पाठवायचंय."

मागे मामी हसल्याचं ऐकू आलं. दमनहूरला मामाच्या घरात सगळे एकाच खोलीत बसलेले असणार.

"हे बघ," मामाचा आवाज उतरला, "तुला दोष देत नाही मी. एकटी राहतेस, नोकरी आहे. पण इथे तुझ्या मामीचे वडील अंथरुणाला खिळलेत. दोन म्हातारी माणसं ती एकटी कशी उचलणार? वृद्धाश्रमवाल्यांनी खाट उद्या दुपारपर्यंत धरून ठेवलीय. आज सूर्यास्ताच्या बांगेआधी मला हो किंवा नाही सांग. नाही म्हणालीस तरी चालेल. पण सांग."

"सांगते."

"दहा आठवडे 'सांगते'च सांगतेयस. घे, आईशी बोल."

फोन हातातून हातात गेला. आधी श्वास आला, मग आवाज.

"रबाब?"

पूर्वी आजी तिला मुंगी म्हणायची. चार वर्षांची असताना साखरेच्या डब्यात मनगटापर्यंत हात घातलेली सापडली, तेव्हापासून. शाळेत मुंगी, कॉलेजात मुंगी, काँक्रीट तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा 'आमची मुंगी आता इमारती पाडणार'. दहा आठवड्यांत मात्र तिने एकदाही ते नाव घेतलं नव्हतं.

"आजी, चहा झाला?"

"झाला."

"साखर किती घातलीस?"

"साखर? मला कुठे चालतो गोड चहा?"

रबाबने वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे एक यादी होती. साखर: पूर्वी तीन चमचे, आता नाही. भांग: पूर्वी उजवीकडे, आता डावीकडे. घास: डाव्या हाताने. डाव्या हाताने जेवणाऱ्या पोरांच्या बोटांवर जन्मभर चमचा मारणाऱ्या बाईने आता डाव्या हाताने भाकरी मोडावी, आणि तिच्या ते लक्षातही येऊ नये. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून मेंदूतली गुठळी दाखवली होती, दाण्याएवढी. उजव्या अंगातली शक्ती गेली, जिभेची चव बदलली, नावं पुसली गेली. होतं असं, ते म्हणाले होते. रबाबने त्यावरचं मिळेल ते वाचलं होतं. एकेक बाब वेगळी घेतली तर कशातच काही नव्हतं.

"रबाब, तुझ्या घराखाली कोण राहतं?"

"कोणी नाही. मालक कुवेतला असतात. अकरा वर्षं घर बंद आहे."

"कोणीच नाही?"

"नाही."

"बरं." आजी तोंड फोनच्या अगदी जवळ आणून हळूच म्हणाली, "मला त्या दुसऱ्या ठिकाणी पाठवू नका. तिथे कोणी कोणाला हाक मारत नाही म्हणे."

आणि फोन बंद झाला.

रबाब उठली. पलंग खिडकीच्या फार जवळ होता. समुद्राचा दमट वारा थेट उशीवर येणार. तिने डोक्याकडची बाजू धरली आणि पलंग वीस सेंटिमीटर आत ओढला. पायांना तिने रबराच्या चौकोनी टोप्या बसवल्या होत्या, तरी फरशीवर एक जाडसर आवाज झाला. ती हात न हलवता थांबली. एक. दोन.

खाली काहीतरी सरकलं. तेवढंच लांब, तसंच जाडसर.

पलंग आणल्यापासून हे चाललं होतं. तिने कपाट हलवलं की खाली हलायचं. तिने भिंतीत खिळा ठोकला की खाली ठोकलं जायचं. नेहमी दोन सेकंदांनी. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी यायचा तर भिंत साडेतीनशे मीटरवर हवी. खिडकीबाहेर तितक्या अंतरावर समुद्र होता.

प्रत्येक बाईची एक बहीण जमिनीखाली असते, हे तिला आजीनेच सांगितलं होतं. आपण चालतो तशी ती खाली चालते, आपल्या पायाला तिचा पाय लागलेला असतो. म्हणून कढत पाणी जमिनीवर ओतायचं नाही, टाच आपटायची नाही. आणि कोणी पडलं तर लगेच म्हणायचं, 'अल्लाचं नाव तुझ्यावर, आणि तुझ्या बहिणीवर.' पडल्या जागी साखर शिंपडायची. कारण आपण पडतो तेव्हा तिच्यावरच पडतो.

"आणि नाही म्हटलं तर?" छोट्या रबाबने विचारलं होतं.

"तर गडबडीत दोघी उठतात," आजी हसून म्हणाली होती, "आणि कधीकधी चुकीचीच वर येते."

दहा आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी दुपारी, रबाब आजीच्या गावच्या घराच्या फाटकाशी पोहोचली तेव्हा आत खलबत्ता चालू होता. मुलूखियाच्या भाजीसाठी लसूण आणि धणे. कुटून झालं की आजी पितळी बत्ता कडेवर दोनदा वाजवायची आणि मग एकदा तळाला, जडसा. ते तीन ठोके म्हणजे जेवायला या. रबाब फाटकाची कडी काढत होती. टिंग. टिंग. तिसरा ठोका आला नाही.

ती धावली. मातीच्या अंगणात, भट्टीजवळ आजी कुशीवर पडली होती. रबाबने नाडी पाहिली, डोळ्यांची बुबुळं पाहिली, मान हलू दिली नाही, रुग्णवाहिकेला पत्ता नीट सांगितला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही होतात म्हणून वाचल्या. शेजारच्या म्हाताऱ्या नबाविया तेवढ्या स्ट्रेचरमागून धावत विचारत होत्या, "नाव घेतलंस ना पोरी? बहिणीचं नाव घेतलंस ना?"

रबाबने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं होतं.

ती जिना उतरून तळमजल्यावर गेली. पहारेकरी बयूमीकाका बाकावर चहाचा पेला घेऊन बसला होता.

"काका, माझ्या खालच्या, तिसऱ्या मजल्याची किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. वर्षातून दोनदा खिडक्या उघडतो. का, पाणी गळतंय?"

"आवाज येतो."

"इंजिनियरबाई, तिथे उंदीरसुद्धा राहत नाही. मालकांच्या मागोमाग त्यांनाही कुवेतचा व्हिसा मिळाला."

"एकदा बघू."

"चला. तुम्ही म्हणालात म्हणजे मोजल्याशिवाय सोडणार नाही," तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला.

दार फुगलं होतं. बयूमीने खांदा लावून ते ढकललं आणि रिकाम्या घरात शिरताना म्हणतात तसं "दस्तूर, परवानगी असो" असं म्हणून पाय आत टाकला. मावळतीचं ऊन झडपांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी आत आलं होतं. सामान कुठेच नव्हतं. सगळीकडे अकरा वर्षांची धूळ, करड्या फडक्यासारखी अंथरलेली. तिच्यावर पावलांच्या जुन्या, पुन्हा भरत आलेल्या खुणा होत्या, त्या बयूमीच्या. त्या खिडक्यांपर्यंत जाऊन परत फिरल्या होत्या.

आजीसाठी मांडलेल्या खोलीच्या बरोबर खालच्या खोलीत त्या खुणा शिरलेल्या नव्हत्या.

"इथली खिडकी उघडतच नाही," बयूमी दारातून म्हणाला. "बिजागरं गंजलीत."

त्या खोलीच्या धुळीत चार स्वच्छ चौकोन होते. रबाब वाकली. प्रत्येक चौकोन पाच सेंटिमीटरचा. तिने खिशातून टेप काढली. दोन चौकोनांमध्ये नव्वद. लांबी एकशे नव्वद. आणि प्रत्येक चौकोनापासून खिडकीच्या दिशेने एक सरळ, ताजी पट्टी गेलेली, धूळ पुसून निघालेली. तिची लांबी तिने दोनदा मोजली. वीस.

"पलंग असेल पूर्वी त्यांचा," बयूमी म्हणाला.

"असेल."

"पोरंबिरं घुसली असतील कुठूनतरी. नाहीतर माणसांनी नेलेल्या वस्तूंची खूण... राहते की अशी." तो आता विनोद करत नव्हता. पेला अजून त्याच्या हातातच होता आणि तो त्यातला चहा पीत नव्हता.

खिडकीच्या चौकटीतून मुंग्यांची एक बारीक रांग उतरली होती. ती भिंतीला धरून न जाता सरळ खोलीच्या मध्यावर आली होती आणि तिथे, धुळीतल्या हाताएवढ्या जागेभोवती गोळा झाली होती. रबाबने मान वर केली. बरोबर डोक्यावर तिच्या फरशीतल्या तड्याची जागा असणार. छत कोरडं होतं. डाग नाही, ओल नाही, चुन्याचा पोपडाही सुटलेला नाही. ती खाली बसली, मुंग्या चुकवून तिने बोटाचं टोक जमिनीला टेकवलं आणि जिभेला लावलं.

गोड होतं.

"चला आता, इंजिनियरबाई," बयूमी म्हणाला. "बांग होईल."

ते बाहेर आले. त्याने दार ओढलं, किल्ली दोनदा फिरवली. रबाब पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात आतून एक आवाज आला. एकच. पितळेवर पितळ, तळाला, जडसा.

बयूमीने किल्ली खिशात टाकली. "पाइप जुने आहेत," तो दाराकडे न बघता म्हणाला, आणि चहा सांडत तीन मजले उतरून गेला.

रबाब तिथेच उभी राहिली. हाताने तिने पेन शोधलं. वही वरच राहिली होती. वही असती तरी ह्या ठोक्यापुढे लिहायचा आकडा तिच्याकडे नव्हता. ती दाराजवळ गेली आणि तिने कपाळ फुगलेल्या लाकडाला टेकवलं. लाकूड उबदार होतं. दमनहूरमधली बाई बिनसाखरेचा चहा पिऊन डाव्या हाताने डोक्यावरचा रुमाल सारखा करत असेल, आणि तिलाही कोणीतरी हाक मारायला हवी असेल. भीती तिच्या आवाजात होती, ती खोटी नव्हती. दहा आठवडे रबाब एकीच्याच तयारीत चूक शोधत होती; जागा दोघींना हवी होती, तिला आणि ह्या दारामागच्या आजीला.

"अल्लाचं नाव तुझ्यावर," ती दाराला म्हणाली. "आणि तुझ्या बहिणीवर."

आत काहीच झालं नाही. तिने दोन सेकंद मोजले, मग आणखी दोन.

फोन वाजला. दूरच्या मशिदीचा भोंगा खरखरत सुरू होत होता.

"वेळ झाली, पोरी," मामा म्हणाला. "काय सांगू त्यांना? खाट ठेवा म्हणू का सोडा?"

"सोडा म्हण."

"नक्की? तुझा तो दांडा?"

"दांडा मी आज खाली घेते. उद्या सकाळी आण तिला, मामा." तिने हात बंद दारावर सपाट ठेवला. "राहतील दोघी माझ्याकडे."