राणीचं रडणं

उकंडरावांना वाशीमचं बस स्टँड आताशा नकोसं झालं होतं. अनसिंगहून नातीला घेऊन यायचं, तिकडून रिठदचा जावई यायचा, अन् त्याच्या हाती पोर सोपवायची. जावई कसला, आता नुसता राजू! लेक रूपालीची फारकत होऊन वर्ष उलटलं होतं. राणीनं आईजवळ राहायचं, एकाआड एक शनिवारी बापाकडं जायचं अन् रविवारी परत यायचं, असं कोर्टानं ठरवून दिलं होतं. रूपाली अन् राजू समोरासमोर आले की तमाशा व्हायचा, म्हणून ही ने-आण म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली.

राणी सहा वर्षांची. घरून निघताना बरी असायची, जीपमध्ये बडबडायची. पण स्टँडवर बाप दिसला, की आजोबांचं धोतर धरून असा टाहो फोडायची, की आजूबाजूच्या बाया हळहळत.

"पोरगी त्या घराले भेते," उकंडराव घरी येऊन सांगत. "काहीतरी करतात तिले तिथं." मग रूपालीचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

अन् मजा पाहा, रविवारी परत येताना हीच पोर राजूच्या गळ्याला मिठी मारून तेवढीच रडे. राजूचं डोकं फिरे. "मामाजी, लेकरू यायले तयार नाही. काय करता तुमी तिच्यासंग?"

मग काय विचारता! दोघांनीही वकील गाठले. रूपालीचं म्हणणं, भेटी बंद करा. राजूचं म्हणणं, पोरगी मलेच द्या. कोर्टानं दोन्ही घरांना समुपदेशक बाईंपुढं बसवलं. राणीवाचून रूपालीला घास उतरत नसे. पोर बापाकडं गेली तर आपली लेक हाय खाईल, या धास्तीनं म्हातारा वाळत चालला होता.

बाईंनी राणीला जवळ घेतलं. "बाबांकडं कोणी मारतं का गं?"

"नाही."

"आईकडं?"

"नाही."

"मग एवढी रडतेस कशाला?"

राणीनं आजीकडं, उकंडरावांच्या रुख्मिणीकडं पाहिलं. "मावशी सासरी चालली होती ना, तवा आजीनं सांगतलं. निघताना पोरगी रडली नाही, त लोकं म्हणतात तिले माया नाही. म्हणून मी इकडून निघतानाबी रडते, तिकडून निघतानाबी. कोनालेच वाईट नाही वाटलं पाह्यजे."

रुख्मिणीनं पदर तोंडात कोंबला. खरं तर सगळ्यांनीच शरमेनं माना खाली घालायच्या, पण नाही! राजू उसळला, "म्हणजे तुमीच पढवलं हे?" रूपाली काय मागं हटते? बाईंनी टेबलावर हात आपटला, तेव्हा कुठं दोघं गप्प झाले.

शेवटी समेट झाला. दोघांनी आपापले अर्ज मागं घ्यायचे, राणी आईजवळच, शनिवार पहिल्यासारखे चालू. उकंडरावांनी हुश्श केलं. बाहेर आल्यावर आई-बाप कित्येक दिवसांनी एका सुरात बोलले, तेही पोरीला दटावायला: "आता निघताना रडायचं नाही, समजलं? तुह्या रडण्यापायी कोर्टात यावं लागलं आमाले!" राणीनं मान डोलावली. भांडण मिटलं या खुशीत उकंडरावांनी सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या खेपेला राजू स्टँडवर आला, तशी राणी मुकाट त्याचा हात धरून चालू लागली. उकंडरावांना वाटलं, सुटलो बापा. तेवढ्यात बसच्या पायरीवरून तिचा पाय सटकला अन् पोर तोंडावर आपटली. ओठ फुटला, फ्रॉक रक्तानं भरला. राजूनं तिला उचललं, म्हाताऱ्यानं धावत येऊन आपला रुमाल ओठाला लावला.

राणीचा चेहरा पिळवटला होता, छाती हुंदक्यानं वरखाली होत होती. पण तोंडातून आवाज निघेना.

"रड माय, रड," उकंडराव काकुळतीला आले. "लागल्यावर रडतात."

"रड वं बाई," राजूनंही तिला छातीशी धरलं. "कोणी काही म्हणत नाही तुले."

राणीनं भेदरून आधी बापाकडं पाहिलं, मग आजोबांकडं.

"नाही," रुमालाआडून ती म्हणाली. "तुमी पुन्हा कोर्टात जासान."