उपाशी दिवसांची रेघ

मी एक जुना कोंबडा आहे. मित्रांनो, जुने कोंबडे सहसा गोष्ट सांगायला उरत नाहीत, त्यांचा रस्सा होतो. मी उरलो आणि माझा रागही उरला.

दर्यापूरजवळ खुशालरावांच्या शेतात आमची टिनाची शेड आहे. आम्हाला पाळतात ते पिसांसाठी. माझ्या कमरेवरची पिसं वीतभर लांब, बारीक आणि चिवट असतात. दूरदेशीचे हौशी लोक ती गळाला गुंडाळून खोटी माशी बनवतात आणि मासा तिला खरी समजून फसतो. मी मासा कधी पाहिलेला नाही. वर्षातून तीनदा आमची पिसं उपटतात. दुखतं. अडीच महिन्यांत नवी येतात. आपसात भांडून पिसं खराब करू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळा पिंजरा असतो आणि पायाचे काटेही छाटून टाकतात.

मी अंड्यातून बाहेर आलो तो शेडवर कामाला असणाऱ्या पार्बताबाईंच्या ओंजळीत. कोणत्या कोंबडीला कोणता नर लावायचा हे त्याच ठरवायच्या. ज्वारी, भरडलेलं सोयाबीन, ताजं पाणी, सगळं वेळच्या वेळी. पाहुणे आले की खुशालराव मला उचलून दाखवत आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेत. पार्बताबाई मागे खराटा घेऊन उभ्या असत. त्यांचं नाव कोणी काढत नसे.

दसऱ्याला आमची पिसं उपटली. दिवाळीपर्यंत नवी अर्धीमुर्धी आली आणि तेव्हाच खुशालरावांच्या डोक्यात किडा वळवळला. पिसं निवडणाऱ्या बायांसमोर ते पार्बताबाईंना म्हणाले, "दाना इतक्या लवकर सरते कसा? तू पदरात बांधून घरी नेऊन राहिली."

दाणा लवकर सरत होता, कारण तो आमच्या पोटात जात होता. पण हे सांगणार कोण? पार्बताबाईंनी पदर झटकून दाखवला आणि खराटा ठेवून त्या निघून गेल्या. गावात त्यांना चोर म्हणू लागले. मी खुशालरावांच्या हातावर चोच मारली, रक्त काढलं. त्याने काय होणार? त्यांनी पट्टी बांधली.

मग आमचं दाणापाणी खुशालरावांकडेच आलं. तुळशीचं लग्न झालं आणि मेव्हण्याच्या घरच्या लग्नासाठी ते शेंदूरजनाघाटला गेले. चार दिवस शेडला कुलूप. पाण्याची भांडी कोरडी पडली. शेजारच्या पिंजऱ्यातला तांबडा तिसऱ्या दिवशी उठलाच नाही. तेव्हा मी मनाशी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही. माझ्याकडे काटे नव्हते. पिसं तेवढी होती.

डिसेंबर संपता संपता माल पाहायला आकांक्षा आली. ती शहरात राजापेठेत राहते, पिसं विकत घेऊन बाहेर पाठवते. खुशालरावांनी मलाच पुढे केलं. एरवी मी परक्या माणसाला हात लावू देत नाही. त्या दिवशी मी पाठ वळवून गप्प उभा राहिलो. पीस कच्चं निघालं तर पातेल्यात जायचं हे मला ठाऊक होतं, तरी उभा राहिलो.

तिने एक पीस उपटलं, उजेडात धरलं. बुडाकडे एक बारीक आडवी रेघ होती. जरा वाकवताच पीस तिथेच मोडलं. दुसरं मोडलं, तिसरं मोडलं. पुढच्या पिंजऱ्यातही तेच. खुशालराव घाईने म्हणाले, की हे त्या चोरटीचं काम, तिनेच यांना उपाशी ठेवलं.

आकांक्षाने मोडकं पीस त्यांच्यापुढे धरलं. "काका, पीस बुडातून वाढते. टोक आधीचं, बूड नंतरचं. टोकाले काईच खोट नाही. ही रेघ उपासाची हाय, महिन्याभरातली. तवा दाना कोन टाकत होतं?"

निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. खुशालराव मान खाली घालून म्हणाले, "मीच."

तिने सगळा माल नाकारला. टोकाकडचं पीस ज्यांच्या हातचं आहे त्यांना परत आणा, मगच पुढचा माल घेईन, असं सांगून ती गेली. त्या आठवड्यात आमच्यातले नऊ जण पातेल्यात गेले. माझ्या सुडाची किंमत त्यांनी मोजली, हे मी विसरत नाही. मला नर म्हणून ठेवलं.

खुशालराव दोनदा पार्बताबाईंच्या दारात गेले, तेव्हा कुठे त्या आल्या. पण शेडच्या उंबऱ्यातच थांबल्या.

"ज्यायच्यासमोर चोर म्हटलं, त्यायच्यासमोर आधी सांग."

खुशालराव पुटपुटले, की बाईने काही नेलं नव्हतं.

"कोंबड्यायले आयकू नाई आलं," पार्बताबाई म्हणाल्या.

मग ते मोठ्याने बोलले. बायांनी ऐकलं, रस्त्यावरून जाणाऱ्या जीपमधल्या माणसांनीही ऐकलं. पार्बताबाईंनी पदर खोचला आणि पाण्याची भांडी घासायला घेतली.

मी अजून खुशालरावांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. मित्रांनो, तुमच्या घरी मुका जीव असेल तर त्याला वेळेवर दाणापाणी द्या. त्याचं करणाऱ्या माणसाचा मान ठेवा. प्रेमाने जमत नसेल, तर भीतीपोटी द्या.