शूटिंगसाठी मांडलेलं घर

सिनेमावाल्यांचं गणित मला कधी कळलं नाही. सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आठवडाभर कापड रंगवायचं आणि रविवारी तिकीट काढून कुणाच्या तरी बंगल्याचा संगमरवरी जिना बघायचा. सिनेमातला शेठ हलकट असतो, तरी जिना आम्हाला त्याचाच हवा असतो. आणि ज्यांच्या घरी खरोखर जिना असतो, ते गाडी करून आमची पत्र्याची खोली बघायला येतात.

सत्याण्णव साली असाच एक दिग्दर्शक मुंबईहून आला. कामगारांवर टीव्हीसाठी फिल्म काढायची म्हणून त्याने आमची खोली ठरवली. माझी बायको सरला हरखूनच गेली. आम्ही सुरतेला निघालो तेव्हा अमळनेरला तिच्या माहेरच्यांनी "तठे जाईसन काय खाशात?" म्हणून नाकं मुरडली होती. आता तीच मंडळी टीव्हीपुढे बसून तिचं घर बघणार होती.

मुलगी बघायला पाहुणे येणार असले की आमच्या गल्लीत शेजारपाजारचं सामान एका घरात जमा होतं. इथे तर साक्षात कॅमेरा येणार होता! शेजारच्या वर्षाने रंगीत टीव्ही, टेबलफॅन, स्टीलचे डबे, पलंगावरची चादर, सगळं आणून आमच्याकडे मांडलं.

दिग्दर्शक दारातच थबकला. "अहो, हे घर कामगाराचं वाटतच नाही. हे नको." सरलाचं तोंड एवढंसं झालं. मग त्याने सहज शेजारी डोकावून बघितलं. वर्षाची खोली तेव्हा धुऊन पुसल्यासारखी रिकामी होती. "वा! हेच पाहिजे!" म्हणत त्याने तिथे कॅमेरा लावला आणि वर्षाला गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसवलं. तिचा नवरा हेमराज पाळीवर होता. शहरातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं ते तिला कळेना, म्हणून ती बापडी बसली.

मी सरलाच्या कानाशी लागलो. "आपण थोडं सामान काढू. तो परत आपल्याकडे येईल."

"आन् तवलग वर्षाले भिकारी दखाडतीन ना!"

तिने डब्यांची चळत उचलली, मला टीव्ही उचलायला लावला आणि चालू कॅमेऱ्यासमोरून सरळ वर्षाच्या खोलीत शिरली.

"कट! बाई, हे काय करताय?"

"सामान हिचं आहे," सरला म्हणाली. इतकी शुद्ध मराठी ती फक्त भांडताना बोलते. "हिच्या नवऱ्याने रात्रपाळ्या करून घेतलंय. ते दाखवा, नाहीतर कॅमेरा उचला."

त्याने कॅमेरा उचलला. वर्षा रडत रडत फडताळात डबे लावायला लागली. जाता जाता तो सरलाला म्हणाला, "तुम्हाला तर टीव्हीवर यायचं होतं ना?"

"फार यायचं होतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "पण शेजारणीला उघडं पाडून नाही."

अभिमानाने माझा ऊर भरून आला. कॅमेऱ्याचं स्टँड त्याच्या जीपमध्ये चढवायला मीच पुढे झालो.