तीन कोयते

गेममध्ये सोबती तीनच असावेत, असं मी म्हणाले ते गेमच्या भल्यासाठी, हे मी तेव्हा सगळ्यांना पटवून दिलं होतं. आता कशाला खोटं बोलू? मला स्नेहल नको होती.

आधी गेमचं सांगते, म्हणजे माझ्यावर चिडायचं असेल तर नीट माहिती घेऊन चिडा. मी आणि ज्ञानेश्वरी तीन वर्षं 'झिरा' नावाचा गेम बनवतोय. गर्भगिरीच्या डोंगरातले सगळे झिरे एकदम आटतात आणि सारजा नावाची पोर ते पुन्हा वाहते करायला निघते. खेळणाऱ्यानं कॉम्प्युटरवर सारजा व्हायचं आणि चालायला लागायचं. वाटेत माणसं भेटतात, सोबत येतात, लढतात, बोलतात, रुसतात. हे सोबती. कोड ज्ञानूचा, संवाद माझे. जागा म्हणाल तर पप्पांच्या केडगावातल्या फ्लेक्सच्या दुकानामागची खोली. एका भिंतीला भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या गुंडाळ्या आणि दुसऱ्या भिंतीला आम्ही.

ज्ञानू तिसगावच्या पलीकडच्या वस्तीवरची. कॉलेजला आम्ही एका बाकावर होतो. ती दिवसात दहा वाक्यं बोलायची, म्हणून तिच्या वाटचंही मीच बोलायचे. सरांनी तिला प्रश्न विचारला की उत्तर मी द्यायचे, आणि चुकलं की शिव्याही मीच खायचे. कॉलेज संपल्यावर तिला पुण्यात नोकरी मिळत होती. तिनं ती सोडली आणि केडगावात खोली घेऊन राहिली. गेमसाठी. मी मनात म्हणायचे, माझ्यासाठी.

तिनं पहिला सोबती बनवला ती चिमा. तोंडाळ, नाकावर राग, पण सारजावर कुणी हात टाकला तर आधी मध्ये पडणारी. चिमा म्हणजे कोण, हे मला ओळखायला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि पुढचा महिनाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मग बाकीचे आले. बाळंतपणं करणारी लंकाबाई, जखमा बांधायला. म्हातारा पैलवान काकासाहेब, मारामारीला. आसाराम मेंढपाळ आणि त्याचं कुत्रं, वाट शोधायला. मला त्यांचं काही वाटलं नाही. म्हाताऱ्यांवर आणि कुत्र्यावर कोण जळणार?

दोन महिन्यांपूर्वी चित्रांसाठी स्नेहल आली. सावेडीची. आवाज साखरेत घोळवलेला. ज्ञानेश्वरीला 'ज्ञानू' म्हणायला मला वर्ष लागलं होतं, हिनं आठव्या दिवशी म्हटलं आणि ज्ञानूनं ओ दिली! मी तिथंच बसले होते, भजी खात.

स्नेहलनं एक चित्र काढून आणलं. तारा नावाची पोर, पानाड्याची लेक. बाप नारळ हातात धरून जमिनीतलं पाणी सांगतो, ही नुसता कान लावून सांगते. ज्ञानूनं ते चित्र बघितलं आणि हसली. तोंडभर हसली. "लई भारी हाय गं," म्हणाली. मला तीन वर्षांत ती 'बरंय' म्हणत आली. 'बरंय' हाच तिचा सगळ्यात मोठा शब्द आहे असं समजून मी सुखात होते.

त्यात पुण्याचं पत्र आलं. तिथल्या गेमच्या महोत्सवात आमची निवड झाली. मार्चमध्ये स्टेजवर जायचं, मोठ्या पडद्यावर खेळून दाखवायचं, बोलायचं. जायचं फक्त दोघांनी. एक ज्ञानू. दुसरं कोण? दुसरं कोण म्हणजे काय, मीच! पण ज्ञानूनं तसं तोंडानं म्हटलं नव्हतं आणि विचारायची मला लाज वाटत होती. पत्र वाचून तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग स्नेहलकडे. ते दुसरं बघणं माझ्या डोक्यातून जाईना.

बरं, ताराचे संवाद लिहायचे कुणी? मीच. मग मी लिहिले ना मन लावून! 'हं.' 'चला.' 'इथं आहे.' 'इथं नाही.' पाचवं वाक्य दिलंच नाही. म्हटलं, ही अशी ढिम्म दिसली की खेळणारेच तिला मागे टाकतील. आणि चिमाला लिहिले टोमणे, सगळे तारावर. "अगं बाई, जमिनीला कान लावून कोणाची चुगली ऐकतेस?" "हिला बोलायचे पैसे पडतात वाटतं!" असे पन्नास-साठ. आठवडाभर माझा हात थांबत नव्हता. आयुष्यात एवढं भराभर मी कधी लिहिलं नसेल.

महोत्सवाच्या आधी मुद्दा निघाला की सारजासोबत एकावेळी चालणार किती जण? स्नेहल म्हणाली, "सगळेच चालू देत ना. कुणाला मागे ठेवलं तर वाईट वाटतं."

"वाटू दे," मी म्हणाले. "गेम आहे, लग्नाचं वऱ्हाड नाही. तिघं असले की प्रत्येकाशी बोलणं होतं, प्रत्येकाचा स्वभाव कळतो. चौथा आला की गर्दी. पाचवा आला की कोण मेलं तेही कळत नाही." हे सगळं खरंच होतं, बरं का. खोटं एवढंच की ते मला त्या दिवशीच सुचलं होतं. चिमा, लंकाबाई आणि आसाराम झाले तीन. तारा आपोआप कटाप.

ज्ञानूनं चहाचा कप खाली ठेवला. "तीन बरोबर हाय," ती म्हणाली. "आमच्याकडं पन तेवढेच झेपत्यात नव्या मुकादमाला." तिनं कीबोर्डवर तीन आकडा दाबला. मुकादमाचं काय ते मी कानामागे टाकलं. मी जिंकले होते. त्या दिवशी दुकानातल्या पोरांना मी माझ्या खर्चानं वडापाव खाऊ घातला.

रविवारी केडगावातल्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये बारा मुली गेम खेळून बघणार होत्या. चार वाजता. दुपारी मी जरा आधी दुकानात आले, म्हटलं एकदा आपण चालवून बघू. चालवला. तर सारजाच्या मागे सगळी जत्रा! लंकाबाई, काकासाहेब, आसाराम, कुत्रं, चिमा आणि चिमाच्या खांद्याला खांदा लावून तारा. मी बोट लावून मोजले. पाच माणसं आणि कुत्रं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यासमोर तीन म्हणायचं आणि पाठीमागे स्नेहलचं ऐकायचं? फोन लावून विचारता आलं असतं. ज्ञानूची खोली चार मिनिटांवर आहे, जाऊन उभं राहता आलं असतं. पण विचारलं आणि ती 'व्हय' म्हणाली तर? मी विचारलं नाही. नेटवरून सगळीकडे लागू होणाऱ्या सोबत्यांच्या यादीत ताराच्या नावापुढे टिक होती, ती काढली आणि कॉम्प्युटर बंद केला. बरं वाटलं.

चार वाजता मुली बसल्या. ज्ञानू कोपऱ्यात वही घेऊन, स्नेहल खिडकीपाशी, आणि मी मुलींच्या खुर्च्यांमागे. मला माझे टोमणे ऐकून त्यांना हसताना बघायचं होतं.

लंकाबाई-काकासाहेब भांडले, मुली हसल्या. कुत्रं भुंकलं, हसल्या. चिमा आली. चिमा चालत राहिली. एक शब्द नाही. नदी आली, चिमा गप्प. लांडगे आले, सगळे लढले, चिमा हात खाली सोडून उभी. माझी चिमा, जिचं तोंड मी तीन वर्षं घडवलं, ती मुकी झाली होती.

पहिल्या मुक्कामाला 'मागे ठेव' असं एक बटण येतं. अलफिया नावाची मुलगी होती, चुणचुणीत. ती मागे वळून मलाच म्हणाली, "ताई, ही कोण आहे? नुसती मागं मागं येते. ना बोलते, ना लढते. हिला सोडून देऊ?"

माझी वाट न बघता तिनं दाबलं. शेजारचीनं दाबलं. बारापैकी अकरा जणींनी चिमाला डोंगरात सोडलं. बारावीला ते बटण सापडलं नव्हतं.

ज्ञानू उठली. तिनं एका कॉम्प्युटरवर यादी उघडली. टिक कुणी काढली तेही तिथं दिसतं, हे मला माहीत होतं आणि तरी रागाच्या भरात मी विसरले होते. माझंच नाव होतं, 'रुपाली, दुपारी १:४०.' स्नेहलनंही वाचलं. तिचे डोळे भरले. "तारा वाईट जमली का गं?" तिनं मलाच विचारलं. "सांगायचं ना, मी पुन्हा काढली असती." रडतानाही बया नीटनेटकी दिसते, हेच आधी माझ्या मनात आलं. असली मी.

मुलींना सरबत प्यायला बाहेर पाठवलं आणि मी ज्ञानूवर सुटले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणा हवं तर. "तीन ठरले होते ना? तू पाच घातलेस आणि वर कुत्रं! हिच्यासाठी!"

"तीनच हायेत," ज्ञानू म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं मी कशाला ओरडतेय. "लंकाबाई आन् काकासाहेब एक. आसाराम आन् कुत्रं दोन. चिमा आन् तारा तीन. तीन आकडा टाकला तवाच जोड्या लावल्या मी. तीन कोयते."

"कसले कोयते?"

"आगं, ऊसतोडीला टोळी निघती तवा मानसं न्हाई मोजत कोनी. मुकादम, म्हंजी टोळी गोळा करून नेनारा, कोयते मोजतो. दोघांचा मिळून एक कोयता. नवरा-बायको, मायलेक, भैन-भाऊ, जे आसंल ते. एक तोडतो, दुसरा मोळ्या बांधतो. तू कधी टोळी बघितली न्हाईस व्हय?"

केडगावातून पुणे रोडनं उसाच्या गाड्या जाताना मी जन्मभर बघितल्यात. आत कोण कुणाजवळ बसलंय, हे कधी बघितलं नव्हतं.

"मग चिमा मुकी का झाली?"

"जोडीदार काढला तू तिचा. आर्धा कोयता केला." ज्ञानूनं वही मिटली. "मी चौथीत हुते तवा दादांच्या, म्हंजी बापाच्या, पाठीचा मनका सरकला. आई एकटी ऱ्हायली. आर्धा कोयता. मुकादम म्हनला, आर्धा घेऊन काय करू? पीठ-मीठ बांधून, कोयत्याला धार लावून आई रस्त्याला बसली हुती. टोळीचा ट्रक आमच्या म्होरनं गेला. म्हनून मी ह्या गेमात आर्ध्या कोयत्याचं कायच लिव्हलं न्हाई. म्हटलं, हितं कोनी आर्धं ऱ्हानारच न्हाई, तर कशाला लिव्हायचं?"

मी ज्ञानूच्या आईच्या, बायडाबाईंच्या हातची बाजरीची भाकर कितीदा तरी खाल्ली असेल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी बोलत होते ना सारखी.

"मी जळत होते गं," मी म्हणाले. स्नेहलसमोरच म्हणाले. "ही आल्यापासून जळतेय. तू हिच्याकडे बघून हसतेस तसं माझ्याकडे बघून हसत नाहीस."

ज्ञानूनं ताराची टिक परत केली आणि मुलींना हाक मारली.

दुसऱ्यांदा खेळताना पहिल्या पाच मिनिटांतच अलफिया खुर्चीतून पडायची बाकी होती. चिमा तोंडाचा पट्टा सोडायची आणि तारा म्हणायची, 'हं.' चिमा अजून चिडायची. तारा म्हणायची, 'चला.' मुली पोट धरून हसत होत्या. जे मी तिचा काटा काढायला लिहिलं होतं, त्यानंच दोघींची जोडी जमली होती. मुक्कामाला चिमाला मागे ठेवायचा विचारही कुणी केला नाही. स्नेहल डोळे पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि चिमाचं पुढचं वाक्य पडद्यावर यायच्या आधी ओठांतल्या ओठांत म्हणायला लागली. तिला सगळे टोमणे पाठ होते. तिच्या तारावरचेच होते ते, आणि तिनं ते हौसेनं पाठ केले होते. मला ते आवडलं, आणि आवडलं याचा राग आला.

मुली गेल्यावर ज्ञानूनं पुण्याचा फॉर्म उघडला. नावं भरायची शेवटची तारीख जवळ आली होती. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. म्हटलं, आता स्नेहलचं नाव लिहील, आणि बरोबरच करेल.

तिनं पहिलं नाव लिहिलं, रुपाली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मग दुसरं लिहिलं, स्नेहल.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी कशाला? तुमी दोघी जावा. तू बोल, ती दाखवंल. जोडी चांगली हाय तुमची."

"अगं, पण गेम तुझाय! तुझ्यासोबत जायचं म्हणून तर मी..." मी तिची खुर्ची माझ्याकडे फिरवली. "मग तुझी जोडी कोण? तू काय अर्धी राहणार?"

"मुकादमाला कोयत्यात धरत न्हाईत," ज्ञानू सहज म्हणाली आणि तिनं 'सबमिट' दाबलं.

तीन वर्षं मी समजत होते की आम्ही दोघी मिळून एक कोयता आहोत. तिनं स्वतःला कधी मोजलंच नव्हतं.