वहीत नसलेलं नाव

इंदुबाईंचं पत्र मला नव्व्याण्णवच्या सप्टेंबरात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

आंतर्देशीय पत्र होतं. पत्ता आधी पेन्सिलीने लिहून मग त्यावरून बॉलपेन फिरवलेला होता. आत दहा-बारा ओळी होत्या.

‘गुरुजींना इंदुबाईचा नमस्कार. छायाला तिच्या वडिलांनी पारोळ्याला मामाकडे पाठवलं आहे. शाळेतून नाव काढायचं म्हणतात. वहीत काय आहे ते मला सगळ्यांनी सांगितलं. वहीचं परत नका सांगू. तुम्ही तिथे बसलेले होते. तुम्ही काय पाहिलं ते लिहून द्या. छायाचे वडील बाईच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत, कागदावर ठेवतात. दिवाळीनंतर शाळा उघडेल त्याच्या आत लिहा.’

मी पत्र दोनदा वाचलं, जे पुस्तक वाचत होतो त्यात ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं मास्तर होतो. निवृत्तीनंतर सुरतेतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाचं वाचनालय सांभाळत होतो. माणसांशी बोलायची मला सवय कमी. वाचनालयात फार बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मी आनंदाने घेतलं. मंडळात बहुतेक बँकेतले, विम्यातले, सरकारी कचेऱ्यांतले लोक. गोडादरा, लिंबायतकडे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारी खानदेशी कुटुंबं मराठीच. पण ती मंडळात गणपतीच्या आरतीला येत, सभासद नसत.

छाया मात्र येऊ लागली. मीच तिला आणलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. शाळेच्या निबंधस्पर्धेला मी परीक्षक होतो. तिचा निबंध वाचला आणि निरोप पाठवला, की या मुलीने रविवारी वाचनालयात यावं, वर्गणीचं मी बघतो. आई इंदुबाई साड्यांच्या घड्या घालायला मार्केटमध्ये जायची, वडील चिंधा लूमवर. छाया दर रविवारी दोन पुस्तकं न्यायची आणि दोन परत करायची. परत आणलेल्या पुस्तकातलं काही विचारलं तर सांगायची, नाही विचारलं तर गप्प बसायची. मला तिच्याशी बोलायला जड जात नसे.

त्या वर्षी उन्हाळ्यात मंडळाने कॉम्प्युटर घेतला, इंटरनेटसकट. वाचनालयाच्या मागे लाकडी पार्टिशन घालून त्याला खोली केली. मी नियम केला, की बसण्याआधी प्रत्येकाने वहीत नाव, वेळ लिहून सही करायची. वही माझ्या टेबलावर. कार्यकारिणीच्या सभेत नियम मंजूर झाला, त्यात एक ओळ वाढवून: कार्यकारिणीच्या सभासदांना सहीची आवश्यकता नाही. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. मंडळात हे आधीपासून चालतच होतं. कार्यकारिणीचे लोक पुस्तकंही सही न करता नेत.

पंचवीस जुलैचा रविवार. सकाळी साडेनऊला मंडळाचे सचिव जयंतराव आले आणि आत जाऊन बसले. बँकेत अधिकारी, बोलायला मोकळे, मंडळाचं निम्मं काम तेच ओढत. पाऊण तासाने मी नव्या पुस्तकांच्या यादीवर त्यांची सही घ्यायला आत गेलो. दार लोटलेलं होतं. पडद्यावर जे होतं ते मी पाहिलं. ते काय होतं ते मी इथे लिहीत नाही. जयंतराव खुर्चीतच वळले, हात मागे नेऊन त्यांनी पडद्याचं बटण दाबलं, आणि हसले.

“पुरावा गोळा करतोय, सर. दिल्लीला निवेदन पाठवायचंय आपल्याला. मुलांच्या हाताशी काय काय येतंय, ते सरकारला कळायला नको?”

“हो, हो,” मी म्हणालो.

यादीवर सही करून ते गेले. कदाचित ते खरंच पुरावा गोळा करत असतील. मी आजही छातीवर हात ठेवून काही सांगू शकत नाही.

दहा मिनिटांनी छाया आली. ऑगस्टात खग्रास ग्रहण होतं. ते सुरतेतून किती दिसेल, हे तिला बघायचं होतं. तिने वहीत नाव लिहिलं. त्या दिवसाच्या पानावर तेवढं एकच नाव.

“जाऊ का, सर?”

“जा. रिकामा आहे.”

पडद्याचं बटण दाबलं म्हणजे कॉम्प्युटर बंद झाला, असं त्या वेळी आम्हा सगळ्यांनाच वाटे. मलाही वाटलं. खरंच वाटलं होतं, की मी वाटून घेतलं, हे आता मला सांगता येत नाही.

तिने पडद्याचं बटण दाबलं, तर मागचं सगळं तसंच उघडं होतं. एक चित्र बंद करायला गेली तर दोन उघडायची. ती घाबरली, पण हाक मारली नाही. बंद करत राहिली. तेवढ्यात श्रावणातल्या कार्यक्रमाची बैठक म्हणून महिला मंडळाच्या मालतीबाई आणखी दोघींना घेऊन आल्या. त्यांना आतल्या कपाटातली सतरंजी हवी होती.

“अगं बाई! काय बघतेस तू हे?” मालतीबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

“मी नाही, बाई. मी ग्रहण बघत होते.”

“हे ग्रहण?”

दोघींपैकी एक हसली. छायाने पार्टिशनच्या दारातून माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभा राहिलो होतो. मालतीबाईंनी माझ्या टेबलावरची वही ओढली, पान पाहिलं आणि म्हणाल्या, “सर, सकाळपासून हिच्याखेरीज कोणी बसलेलं नाही ना?”

“वहीत तर नाही,” मी म्हणालो.

हे माझे त्या दिवशीचे शब्द आहेत. ते खोटे नव्हते.

बातमी गोडादऱ्याला छायाच्या आधी पोचली. चिंधाने तिला मारलं, असं मी नंतर ऐकलं. पुढच्या आठवड्यात कार्यकारिणीची सभा झाली. कोणी म्हणालं, पालकांनी लक्ष द्यायला हवं, त्या वस्तीत आईबाप दिवसभर बाहेर, पोरांना कोण विचारतं. जयंतराव म्हणाले, “पालकांना दोष देऊन काय होणार? त्यांना कॉम्प्युटर म्हणजे काय तेच माहीत नाही. हे सरकारचं काम आहे. कायदा हवा.” ते हे इतक्या कळकळीने बोलले, की मी मान खाली घालून टाचणं घेत राहिलो. ठराव झाला: सभासद नसलेल्यांच्या मुलांना खोलीत प्रवेश नाही, आणि सरकारला निवेदन. निवेदनाचा मसुदा जयंतरावांनी केला, भाषा मी सुधारली. ‘कोवळ्या मनांवर होणारे आघात’ हे शब्द माझे. सगळ्यांना ते आवडले.

इंदुबाई वाचनालयात दोनदा आल्या. पहिल्यांदा मी म्हणालो, “वहीत दुसरं नाव नाही हो.” त्या म्हणाल्या, “वही राहू द्या, गुरुजी. मनी पोर खोटं बोलत नही.” माझी पोर, असं त्यांच्या अहिराणीत. दुसऱ्यांदा त्या दारात दिसल्या, तेव्हा मी कपाटांच्या मागे जाऊन पुस्तकं लावत बसलो. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. मग पत्र आलं.

दिवाळी झाली. शाळा उघडली. मी रोज ठरवत होतो. लिहायचं म्हणजे जयंतरावांचं नाव लिहायचं, आणि मी पाहून गप्प राहिलो हेही लिहायचं. पहिलं जास्त कठीण की दुसरं, याचाच विचार करण्यात नोव्हेंबर गेला.

डिसेंबरात मंडळाने परिसंवाद ठेवला. फळ्यावर माझ्याच अक्षरात विषय होता: ‘इंटरनेटपासून मुलांना कोणी जपायचं? सरकारने की पालकांनी?’ परिसंवादाला अध्यक्ष म्हणून जयंतराव. पालकांच्या बाजूने मालतीबाई बोलल्या. आपण घरी लक्ष दिलं तर सरकारची गरजच पडणार नाही, असं त्या म्हणाल्या. सरकारच्या बाजूने एक वकील बोलले. मग श्रोत्यांचे प्रश्न. मागच्या रांगेतून इंदुबाई उठल्या. त्या कधी येऊन बसल्या, मी पाहिलं नव्हतं. कामावरून थेट आल्या असाव्यात, पदराला जरीचे बारीक धागे चिकटले होते.

“मी पालक शे,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरात टीव्ही नाही. टेलिफोन नाही. पोरीला मी रस्त्यावर पाठवली नव्हती, सिनेमाला पाठवली नव्हती. तुमच्याकडे पाठवली होती, पुस्तकाच्या घरात. गुरुजी बसतात म्हणून पाठवली. मग मी कुठे लक्ष द्यायचं होतं, ते सांगा.”

पुढच्या रांगेत एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “छोडो ने, आता हे सुरू झालं.”

जयंतराव समजुतीच्या आवाजात म्हणाले, “ताई, तुमची भावना आम्ही समजतो. पण प्रश्न विषयाला धरून विचारा. सरकार की पालक?”

“विषय मले नही समजत, साहेब,” इंदुबाई म्हणाल्या, “पण पोर तुमच्या दारात होती.” आणि त्या बसल्या.

मी वृत्तांत लिहीत होतो. माझी लेखणी थांबली तेवढी. उठलो नाही.

कार्यक्रम संपल्यावर चपलांपाशी त्या भेटल्या. या वेळी मागे कपाट नव्हतं.

“छाया कशी आहे?” मी विचारलं.

“कापूस वेचते मामाबरोबर. पुस्तक हातात धरत नाही. मामी म्हणते, चांगली सुधरली.” त्यांनी चप्पल पायात सरकवली. “छायाचे वडील म्हणतात, पुढल्या वर्षी लग्न जमवून टाकू. चौदाची आहे, गुरुजी.”

“माझं पत्र…” मी म्हणालो.

“तुम्ही कुठे लिहिलं पत्र?” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

घरी आलो. माझी बायको शैलजा भाकरी करत होती. माझ्या आधी ती माणसं ओळखते, म्हणून तिच्याशी बोलणं मी टाळतो, पण ती माझ्याशी बोलणं टाळत नाही.

“काय ठरलं मंडळात? सरकार की पालक?”

“ठरलं नाही. दोन्हीकडे मतं सारखीच होती.”

“आणि टेबलापाशी बसलेल्या माणसाचं काय ठरलं?”

मी हात धुवायला वळलो.

“ते पत्र मी ऑक्टोबरातच वाचलंय,” ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली. “खुणेसाठी पुस्तकात घातलंत. पान त्र्याऐंशी. तेव्हापासून त्र्याऐंशीच आहे.”

“जयंतरावांनी नाकारलं तर? पुरावा काय माझ्याकडे? वहीत…”

“वहीचा नियम कोणी केला?”

“मीच.”

“मग जेवा आता,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. पहिला कागद ‘आपल्या पत्रासंदर्भात कळविण्यात येते की’ असा सुरू झाला. तो फाडला. दुसऱ्यात मी ग्रहणापासून सुरुवात केली, दोन पानं झाली आणि नाव अजून आलं नव्हतं. माझं लिहिणं असंच आहे. तोही फाडला. दुपारी तिसरा लिहिला:

‘इंदुबाई आणि चिंधाभाऊ यांस, पंचवीस जुलैला छायाच्या आधी मंडळाचे सचिव जयंतराव कॉम्प्युटरवर बसले होते. ती चित्रं त्यांनी उघडली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्यांचं नाव वहीत नाही, कारण कार्यकारिणीच्या लोकांना सहीची गरज नाही असा नियम होता. त्यानंतर मीच छायाला आत पाठवलं. तिचा काही दोष नाही. मालतीबाईंनी विचारलं तेव्हा मी हे बोललो नाही, ही माझी चूक. हे पत्र कोणालाही दाखवा. शाळेत यायला सांगाल तर येईन.’

खाली पूर्ण नाव आणि सही केली. दुसरी प्रत काढून मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाने पाकिटात घातली. चिंधा आता कागदावर विश्वास ठेवील का? वर्ष गेलेल्या मुलीला शाळा परत घेईल का? आणि छायाला यायचं असेल का? यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी सप्टेंबरात लिहिलं असतं तर यातले दोन प्रश्न पडलेच नसते.

टपाल कचेरीत एकतीस डिसेंबरची गर्दी होती. लोक शुभेच्छापत्रांवर तिकिटं चिकटवत होते. खिडकीतला माणूस म्हणाला, “काका, गोडादरा तो अहीं ज छे, हाथोहाथ आपी दो ने.” इथल्या इथे टपालाने कशाला, हातानेच नेऊन द्या, असं त्याचं म्हणणं. तो बरोबर बोलत होता. पण त्या दारात उभं राहण्याएवढं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि उद्या परवा येईल याची वाट बघत मी पुन्हा चार महिने घालवले असते. मी दोन्ही पत्रं रजिस्टर केली, पावत्या घेतल्या, आणि त्याने शिक्का मारून पाकिटं मागच्या थैलीत टाकेपर्यंत खिडकीपासून हललो नाही.